‘वेब्स्टर’ : एका व्यवसायवाचक आडनावाची घडण आणि त्यातील लुप्त स्त्रीलिंग

१. प्रास्ताविक

इंग्रजी आडनावांचे स्थूलमानाने चार वर्ग केले जातात : स्थलवाचक, पितृनामावरून सिद्ध झालेली, व्यक्तीचा एखादा विशेष सांगणारी आणि व्यवसायवाचक. यांपैकी चौथा वर्ग सर्वांत सोपा मानण्याचा प्रघात आहे. स्मिथ म्हणजे लोहार, टेलर म्हणजे शिंपी, बेकर म्हणजे भट्टीवाला. शब्दाचा अर्थ कळला की आडनावाचा इतिहास कळला, अशी ही समजूत आहे. विल्यम कॅम्डनने १६०५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ‘रिमेन्स’ या ग्रंथात आडनावांवर स्वतंत्र प्रकरण लिहिले, तेव्हापासून इंग्रजी नामाभ्यासात ही समजूत कमीअधिक प्रमाणात वावरत आली आहे.

‘वेब्स्टर’ हे आडनाव या समजुतीला छेद देते. या शब्दाचा अर्थ ‘विणकर’ असा सांगितला जातो आणि तो चुकीचा नाही. परंतु तो अपुरा आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने वेब्स्टर म्हणजे ‘विणणारी स्त्री’. असे असताना हे नाव शेकडो वर्षे पित्याकडून पुत्राकडे गेले आणि त्यातील स्त्रीलिंग कोणाच्या कानालाही जाणवेनासे झाले. हे कसे घडले, याचा शोध हा प्रस्तुत लेखाचा एक हेतू आहे. दुसरा हेतू पद्धतिविषयक आहे. अलीकडील साहित्येतिहासात नावांना पुरावा मानण्याची, विशेषतः स्त्रियांच्या अनुल्लेखित श्रमांचा पुरावा मानण्याची, प्रवृत्ती वाढली आहे. ती स्वागतार्ह असली तरी नाव नेमके कशाचा पुरावा देते, हे आधी निश्चित करणे अगत्याचे आहे.

२. जुन्या इंग्रजीतील रूपव्यवस्था

जुन्या इंग्रजीत विणण्याच्या क्रियापदाशी संबंधित तीन कर्तृवाचक नामे आढळतात. ‘वेब्बा’ हे पुल्लिंगी, ‘वेब्बे’ हे स्त्रीलिंगी आणि ‘वेब्बेस्त्रे’ हे ‘-एस्त्रे’ प्रत्यय लागून झालेले दुसरे स्त्रीलिंगी रूप. ‘वेब्बे’ या शब्दाला काव्यातही स्थान होते. ‘बेओवुल्फ’ या महाकाव्यात ‘फ्रेओथुवेब्बे’, म्हणजे ‘शांती विणणारी’, हा सामासिक शब्द राजघराण्यातील स्त्रीसाठी योजलेला आहे. वैर असलेल्या दोन कुळांत विवाहाने सलोखा घडवून आणणारी स्त्री, असा त्याचा अर्थ अभ्यासक लावतात. विणकाम ही स्त्रीची क्रिया आहे, हे गृहीत धरल्याखेरीज हे रूपक उभेच राहत नाही.

‘-एस्त्रे’ हा प्रत्यय त्या काळी मुख्यत्वे स्त्रीवाचक होता. गाणारी, शिवणारी, नाचणारी, भाकरी भाजणारी अशा अर्थांची नामे त्याने सिद्ध होत. ‘-एरे’ या पुल्लिंगी प्रत्ययाची ती जोडीदार व्यवस्था होती. तथापि ही व्यवस्था त्या काळातही पूर्णतः बंदिस्त नव्हती. बायबलच्या उत्पत्तिग्रंथाच्या जुन्या इंग्रजी अनुवादात फारोच्या दरबारातील भट्टीवाल्यासाठी ‘बॅकेस्त्रे’ हा ‘-एस्त्रे’-प्रत्ययान्त शब्द आला आहे, आणि तो भट्टीवाला निःसंशय पुरुष आहे. म्हणजे नॉर्मन विजयापूर्वीच या प्रत्ययातील स्त्रीलिंगाला तडा जाऊ लागला होता.

पुढे मध्य इंग्रजीत शब्दान्तीचे स्वर क्षीण होत गेले, व्याकरणिक लिंग लोपले आणि ‘वेब्बा’ व ‘वेब्बे’ ही दोन्ही रूपे उच्चारात एक झाली. आजचे ‘वेब’ हे आडनाव या संयुक्त रूपाचा वारस आहे. त्यामुळे ते पुरुष विणकरापासून आले की स्त्री विणकरापासून, हे केवळ शब्दरूपावरून सांगता येत नाही. ‘वेब्स्टर’मध्ये मात्र प्रत्यय शाबूत राहिला, त्याचा अर्थ तेवढा पालटला.

३. उत्तर आणि दक्षिण

हा अर्थपालट इंग्लंडमध्ये सर्वत्र एकाच वेळी झाला नाही. दक्षिणेत ‘-स्टर’ प्रत्ययाचा स्त्रीवाचक अर्थ दीर्घकाळ टिकला; उत्तरेकडे, मध्य प्रदेशाच्या काही भागांत आणि स्कॉटलंडमध्ये तो स्त्री-पुरुष दोघांनाही लागणारा सामान्य कर्तृवाचक प्रत्यय बनला. गुस्टाव्ह फ्रान्सन यांच्या ११०० ते १३५० या काळातील व्यवसायवाचक आडनावांवरील १९३५ च्या प्रबंधापासून हा प्रादेशिक भेद अभ्यासकांच्या विशेष परिचयाचा झाला. आडनावांचे वाटप या भेदाशी जुळते. वेब्स्टर हे प्राधान्याने उत्तरेचे आणि स्कॉटलंडचे आडनाव आहे, तर वेब हे दक्षिणेचे व नैर्ऋत्येचे. बेकरच्या जोडीला बॅक्स्टर, ब्रूअरच्या जोडीला ब्रूस्टर, रंगारी या अर्थाच्या डायरच्या जोडीला डेक्स्टर अशा जोड्या याच पद्धतीने पडल्या.

उत्तरेत हा प्रत्यय लिंगनिरपेक्ष झाला होता, याचा सर्वांत बोलका दाखला ‘डेम्प्स्टर’ या आडनावात सापडतो. डेम्प्स्टर किंवा डीम्स्टर म्हणजे न्यायनिवाडा देणारा अधिकारी. आयल ऑफ मॅन या बेटावर न्यायाधीशाला आजही डीम्स्टर म्हणतात. मध्ययुगात हे पद स्त्रियांकडे नसे. तरीही त्याला ‘-स्टर’ हाच प्रत्यय लागला. तेव्हा केवळ प्रत्यय पाहून मूळ पूर्वज स्त्री होती असा निष्कर्ष काढणे धोक्याचे ठरते.

आडनावे वंशपरंपरागत होण्याचा काळ येथे महत्त्वाचा आहे. १०६६ नंतर जमीनदार वर्गात सुरू झालेली ही प्रथा चौदाव्या शतकापर्यंत बहुसंख्य इंग्रजी कुटुंबांत पोहोचली. उत्तरेत ती काहीशी उशिरा स्थिरावली. यॉर्कशरच्या १३७९ च्या डोईपट्टीच्या याद्यांत ‘वेब्स्टर’ हा शब्द व्यक्तीचा प्रत्यक्ष व्यवसाय म्हणूनही येतो आणि उपनाम म्हणूनही. या क्षणी शब्द दोन अवस्थांच्या सीमेवर उभा आहे. एका पिढीत तो काय करतो किंवा करते हे सांगतो. पुढच्या पिढीत तो केवळ कोणाचा हे सांगतो.

याच काळातील दोन कवींच्या शब्दयोजना शेजारी ठेवून पाहण्याजोग्या आहेत. लंडनच्या चॉसरने ‘कँटरबरी टेल्स’च्या प्रस्तावनेत नगरातील संपन्न कारागिरांचा एक गट रंगवला आहे, त्यातील पुरुष विणकराला तो ‘वेब’ म्हणतो. त्याच प्रस्तावनेतील बाथची गृहिणी वस्त्रनिर्मितीत निष्णात आहे, पण तिच्यासाठी व्यवसायनाम योजलेले नाही. तिची ओळख वैवाहिक स्थिती व गाव यांवरून होते. लँग्लंडच्या ‘पिअर्स प्लाउमन’मध्ये मात्र भट्टीवाले, मद्य गाळणारे आणि लोकर विणणारे ‘-स्टर’-प्रत्ययान्त नावांनी एका रांगेत येतात. तेथे मद्य गाळणारी बेटन चर्चकडे निघालेल्या खादाडाला वाटेत अडवते, आणि लोभाची बायको लोकरीचे कापड तयार करताना सूत कातणाऱ्या स्त्रियांना वजनात नाडते. हे चित्रण औपरोधिक आहे. तरीही स्त्री येथे मजूर, मालकीण आणि लबाड व्यापारी अशा तिन्ही भूमिकांत नावानिशी दिसते.

४. घरचा माग आणि नगरातील संघ

शब्दाचा अर्थ बदलत असताना धंद्याची रचनाही बदलत होती. वजने टांगून ताणा ताठ ठेवणारा उभा माग हे घरगुती साधन होते आणि त्यावर प्रामुख्याने स्त्रिया काम करीत. अकराव्या-बाराव्या शतकांच्या सुमारास पश्चिम युरोपातील नगरांत पायांनी चालवायचा आडवा माग प्रसृत झाला. त्यावर लांब कापड अधिक वेगाने निघे. तो विक्रीसाठीच्या उत्पादनाला सोयीचा होता. त्याच्याभोवती विणकरांचे संघ उभे राहिले. लंडनच्या विणकरसंघाचा उल्लेख ११३० च्या राजकीय हिशेबात येतो, आणि ११५५ मध्ये दुसऱ्या हेन्रीने त्याला सनद दिली. उस्ताद, शागीर्द आणि संघाचे सदस्यत्व या चौकटीत स्त्रीला प्रवेश होता तो बहुधा पत्नी, कन्या किंवा विधवा या नात्याने.

पुढे हा प्रवेशही आक्रसत गेला. ब्रिस्टलच्या विणकरांच्या १४६१ च्या नियमाने पत्नी, कन्या व दासी यांना मागावर बसवण्यास मनाई केली. राजाच्या युद्धांत उपयोगी पडतील असे कसबी पुरुष बेकार फिरत आहेत, हे त्यामागचे कारण देण्यात आले. मद्यनिर्मितीच्या धंद्यात अशीच प्रक्रिया १३०० ते १६०० या काळात कशी घडली, याची चिकित्सा ज्युडिथ बेनेट यांनी १९९६ च्या आपल्या ग्रंथात केली आहे. अर्थात भाषेतील बदल आणि धंद्यातील बदल यांत सरळ कार्यकारणभाव जोडता येणार नाही. प्रत्ययाचे स्त्रीलिंग उत्तरेत लोपले ते संघांच्या नियमांमुळे नव्हे. आणि आडनावे गोठली तीही ब्रिस्टलच्या मनाईपूर्वीच. दोन स्वतंत्र प्रवाह एकाच दिशेने वाहिले, एवढेच म्हणणे युक्त होईल.

या संदर्भात ‘स्पिन्स्टर’ या शब्दाची गती तुलनेसाठी उद्बोधक आहे. सूत कातणे हे काम यंत्रयुगापर्यंत स्त्रियांच्याच हाती राहिले. त्यामुळे या शब्दातील स्त्रीलिंग पुसले गेले नाही. तो पुरुषांचे आडनाव म्हणून रूढही झाला नाही. सतराव्या शतकात तो अविवाहित स्त्रीची कायदेशीर संज्ञा बनला, कालांतराने प्रौढ कुमारिकेसाठी हेटाळणीचा शब्द झाला, आणि २००५ च्या अखेरीस इंग्लंड व वेल्समधील विवाहनोंदणीतून वगळण्यात आला. एकाच प्रत्ययाने सिद्ध झालेल्या दोन शब्दांपैकी जो पुरुषांकडे गेला तो प्रतिष्ठित कुलनाम ठरला. जो स्त्रियांकडे राहिला त्यातून श्रमाचा अर्थ नाहीसा होऊन केवळ वैवाहिक स्थिती उरली.

५. नाव धारण करणारे

आडनाव स्थिर झाल्यावर त्याचा मूळ धंद्याशी असलेला संबंध किती सैल होतो, हे चॉसरच्याच उदाहरणावरून दिसते. त्याचे आडनाव पादत्राणे करणाऱ्याचे आहे, पण त्याचा पिता मद्यव्यापारी होता. वेब्स्टर नावाच्या लेखकांबाबतही हेच म्हणता येते.

नाटककार जॉन वेब्स्टर यांचा जन्म १५८० च्या आसपास लंडनमध्ये झाला. पिता घोडागाड्या बांधणारा, स्मिथफील्ड परिसरातील काऊ लेनमधील कारखानदार. आणि तो सदस्य होता मर्चंट टेलर्स या शिंप्यांच्या नावाने चालणाऱ्या संघाचा. विणकराचे आडनाव, गाड्यांचा धंदा आणि शिंप्यांचा संघ असा तिहेरी विसंवाद या एका घरात नांदत होता. समकालीनांना त्यात विनोद दिसला तो आडनावाचा नव्हे, धंद्याचा. हेन्री फिट्झजेफ्री याने १६१७ मध्ये वेब्स्टर यांची टर उडवताना नाटके घडवणारा आणि गाड्या घडवणारा या अर्थांची दोन इंग्रजी नामे एकमेकांना जोडली. दोन्ही नामांच्या शेवटी कारागीर या अर्थाचा एकच घटक असल्याने ही कोटी साधली. ‘वेब्स्टर’ या शब्दातील विणकर मात्र तोवर ऐकू येईनासा झाला असावा. त्यांच्या ‘द डचेस ऑफ माल्फी’ (लेखन सुमारे १६१३, मुद्रण १६२३) या शोकांतिकेच्या नायिकेला संपूर्ण नाटकात व्यक्तिनाम नाही. तिची ओळख तिच्या पदावरूनच होते. नाव व पद यांच्या या नात्याचा लेखकाच्या आडनावाशी संबंध जोडणे हा शुद्ध कल्पनाविलास ठरेल. परंतु विधवेच्या स्वत्वावर कुळाचा हक्क किती, हा त्या नाटकाचा प्रश्न नामेतिहासाच्या अभ्यासकालाही अपरिचित नाही.

कोशकार नोआ वेब्स्टर (१७५८–१८४३) यांचा पिता कनेक्टिकटमधील शेतकरी होता आणि तो विणकामही करी. आडनाव आणि धंदा यांचा हा मेळ केवळ योगायोग समजावा. मधल्या पिढ्यांत हे घराणे वसाहतीच्या प्रशासनात होते आणि जॉन वेब्स्टर नावाचा त्यांचा एक पूर्वज १६५६ मध्ये कनेक्टिकट वसाहतीचा गव्हर्नर होता. नोआ यांच्या १७८३ च्या वर्णपुस्तकाने आणि १८२८ च्या सुमारे ७०,००० शब्दांच्या कोशाने अमेरिकन इंग्रजीला स्वतःचे प्रमाण मिळवून दिले. त्यांच्या मृत्यूनंतर मेरियम बंधूंनी कोशाचे हक्क घेतले. ते हक्क संपल्यावर इतर प्रकाशकही आपल्या कोशांना ‘वेब्स्टर’ म्हणू लागले आणि हे नाव सार्वजनिक झाल्याचे अमेरिकन न्यायालयांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मान्य केले. परिणामी ‘वेब्स्टर’ हा ‘कोश’ या अर्थाचा जवळजवळ सामान्य शब्द झाला. सामान्यनामापासून विशेषनाम आणि विशेषनामापासून पुन्हा सामान्यनाम, असे पूर्ण आवर्तन फार थोड्या आडनावांच्या वाट्याला आले आहे. यांच्याच काळातील वक्ते व मुत्सद्दी डॅनियल वेब्स्टर (१७८२–१८५२) तर दंतकथेचा विषय झाले. स्टीव्हन व्हिन्सेंट बेने यांच्या १९३६ च्या कथेत ते प्रत्यक्ष सैतानाशी वकिली युक्तिवाद करतात.

या मालिकेत दोन लेखिकांचा विचार स्वतंत्रपणे व्हायला हवा. ऑगस्टा वेब्स्टर (१८३७–१८९४) या इंग्रज कवयित्रीचे माहेरचे आडनाव डेव्हिस. आरंभीचे लेखन त्यांनी सेसिल होम या टोपणनावाने केले. वेब्स्टर हे नाव त्यांना विवाहाने मिळाले. १८७० च्या ‘पोर्ट्रेट्स’ या संग्रहातील ‘अ कास्टअवे’ या नाट्यात्म स्वगतात देहविक्रय करणारी एक स्त्री आपल्या धंद्याचा हिशेब इतर प्रतिष्ठित धंद्यांशी ताडून पाहते. स्त्रीला कोणता व्यवसाय उपलब्ध आहे, हा या कवितेचा गाभा आहे. मुळात कष्टकरी स्त्रीचे असलेले नाव या कवयित्रीपर्यंत पोहोचले ते पतीच्या मार्गाने, ही गोष्ट इतिहासाचा उपरोध म्हणून नोंदवण्याजोगी आहे.

दुसऱ्या लेखिका जीन वेब्स्टर (१८७६–१९१६). यांचे मूळ नाव अ‍ॅलिस. शाळेत त्याच नावाची दुसरी मुलगी असल्याने त्यांनी ‘जीन’ हे नाव घेतले. त्यांच्या ‘डॅडी-लाँग-लेग्ज’ (१९१२) या पत्रात्मक कादंबरीतील अनाथ नायिकेचे नाव अनाथाश्रमाच्या व्यवस्थापिकेने ठेवले आहे : आडनाव दूरध्वनीच्या सूचीतून आणि पहिले नाव थडग्यावरच्या शिळेवरून. हे आडनाव ‘अ‍ॅबट’, म्हणजे मठाधिपती, तेही पदवाचकच. नायिका त्याबद्दल तक्रार करते आणि स्वतःला ‘जुडी’ म्हणवून घेऊ लागते. आडनाव वंशाची ग्वाही देते हा समज इथे हसत हसत मोडीत निघतो. ज्या शब्दाला मागे कोणी पूर्वज नाही, तो शब्दही आडनाव म्हणून तितकाच पक्का बसतो.

६. मराठीतील एक तुलनाबिंदू

मराठीभाषक अभ्यासकाला या चर्चेत एक प्रश्न सुचणे स्वाभाविक आहे. मराठीतही कुलकर्णी, पोतदार, चिटणीस, सुतार, शिंपी अशी पदवाचक व व्यवसायवाचक आडनावे विपुल आहेत. व्यवसायनामाला ‘-ईण’ प्रत्यय लागून शिंपीण, साळीण, कोष्टीण, माळीण, पाटलीण अशी स्त्रीरूपे होतात. परंतु ती पुल्लिंगी नामावरून साधलेली आहेत आणि त्यांचा अर्थ दुहेरी आहे : तो धंदा करणारी स्त्री, अथवा तो धंदा करणाऱ्याची किंवा त्या जातीतल्या पुरुषाची पत्नी. ‘पाटलीण’ म्हटल्यावर दुसराच अर्थ आधी मनात येतो. जुन्या इंग्रजीतील ‘वेब्बेस्त्रे’ ही मात्र विणकराची बायको नव्हे. ती स्वतः विणणारी आहे, आणि तिचे नाव क्रियेवरून आले आहे, नवऱ्यावरून नाही. मराठीतील ‘-ईण’-प्रत्ययान्त रूपे बोलण्यात जिवंत आहेत. पुरुषांची वंशपरंपरागत आडनावे म्हणून ती रूढ झाली नाहीत. मराठीत स्त्रीरूप टिकले पण आडनावाच्या दाराबाहेर राहिले. इंग्रजीत ते आत आले आणि आत येताच त्याचे लिंग हरवले. आडनाव जातीशी निगडित असणे वा नसणे, हा दोहोंतील मोठा भेद ध्यानात घेऊनच ही तुलना करायला हवी.

७. समारोप

वेब्स्टर कुटुंबांची मूळ पूर्वज एखादी विणकर स्त्री होती, असे विधान करता येईल काय? एखाद्या विशिष्ट कुटुंबाबद्दल, केवळ नावाच्या आधारे, ते करता येणार नाही. हे आडनाव एका पूर्वजापासून आलेले नाही. ते अनेक ठिकाणी, अनेक वेळा, स्वतंत्रपणे जडले. काहींच्या बाबतीत ते मातेकडून आले असणे शक्य आहे. मॅरियट, एमट यांसारखी मातृनामावरून झालेली इंग्रजी आडनावे तशी वाट उपलब्ध असल्याचे दाखवतात. परंतु उत्तरेतील बहुसंख्य वेब्स्टर हे विणकर पुरुषांचे वंशज असण्याचाच संभव अधिक.

मात्र हा निष्कर्ष नावाचे पुराव्याचे मोल कमी करत नाही. ते वेगळ्या थरावर नेऊन ठेवतो. ‘वेब्स्टर’ एखाद्या घराण्याचा इतिहास सांगत नसून भाषेच्या एका अवस्थेचा इतिहास सांगतो. विणणाऱ्या व्यक्तीसाठी स्त्रीवाचक रूप इतके परिचयाचे होते की पुरुष त्या धंद्यात उतरल्यावर, निदान उत्तरेत, त्यांनीही तेच नाव पत्करले. एरवी भाषांमध्ये पुल्लिंगी रूप सर्वसामान्य मानून स्त्रीला त्यात सामावून घेतले जाते. येथे काही काळ उलट घडले. ही घटना आडनावात गोठून राहिली म्हणूनच आज तिचा माग काढता येतो. कोणत्याही व्यवसायवाचक नावाचे वाचन करताना शब्दाचा अर्थ, प्रत्ययाचा प्रदेश आणि आडनाव स्थिरावल्याचा काळ या तीन गोष्टी एकत्र तपासल्या, तर नावातून न निघणारी साक्ष त्याच्या तोंडी घालण्याचा मोह टळतो, आणि जी साक्ष ते खरोखर देत असते तीही कानाआड होत नाही.